सर्व्हे स्टोअरची किल्ली

दरवर्षी सीईटीचे निकाल लागले, प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की माझ्याकडे दोन-तीन कुटुंबं येतात. आई, वडील आणि दोघांच्या मध्ये मान खाली घालून बसलेला मुलगा किंवा मुलगी. मूल सात-आठ वर्षं तबला शिकलेलं असतं. मध्यमा पूर्ण झालेली असते, एखाद्याची विशारदसुद्धा. प्रवेश इंजिनिअरिंगला नाहीतर फार्मसीला मिळत असतो. प्रश्न ठरलेला असतो : "सर, दोन्हीचा समतोल कसा साधायचा?"

बरीच वर्षं मी या प्रश्नाला वेळापत्रक काढून देत असे. पहाटे दीड तास, संध्याकाळी एक, रविवारी चार. पालक तो कागद घडी घालून घेऊन जात आणि बहुतेक घरांत दिवाळीपर्यंत तबला पलंगाखाली गेलेला असे. आता मी वेळापत्रक देत नाही. ते मोडतं म्हणून नव्हे, वेळापत्रकं मोडतातच. 'समतोल' हा शब्दच आपल्याला चुकीच्या वाटेला लावतो, असं माझं मत झालं आहे. तो शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर तराजू येतो. एका पारड्यात अभ्यास, दुसऱ्यात रियाज, दोन्हींचं वजन एकाच मापानं करायचं. पण या दोन गोष्टी एका मापाच्या नाहीत. पदवीचा अभ्यास साठवून ठेवता येतो. पीएलच्या, म्हणजे परीक्षेआधीच्या सुट्टीच्या, पंधरा दिवसांत अख्खं सेमिस्टर उरकणारी मुलं प्रत्येक वसतिगृहात असतात. ते चांगलं की वाईट हा वेगळा मुद्दा, पण ते होतं. रियाज असा उरकता येत नाही. सोमवार ते शनिवार तबल्याला हात लावला नाही आणि रविवारी सात तास बसलो, तर सहा दिवसांची भरपाई होत नाही. बोटं तेवढी सुजतात आणि सोमवारी ड्रॉइंगची पेन्सिल धरवत नाही.

हे मी स्वतःच्या हातावर पाहिलेलं आहे, म्हणून आधी ते सांगतो.

मी सांगलीचा. नव्वदच्या दशकात स्थापत्य अभियांत्रिकी शिकायला पुण्यात आलो तेव्हा नऊ वर्षांची तालीम मागे होती. सांगलीच्या गुरुजींनी पुण्यातल्या त्यांच्या गुरुबंधूंना चिठ्ठी दिली होती, त्यामुळे गुरूची सोय झाली. जागेची झाली नाही. वसतिगृहात एका खोलीत आम्ही चौघं. पहिल्या आठवड्यात पहाटे साडेपाचला डग्ग्यावर हात ठेवला आणि तिघं उठून बसले. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. रेक्टरांनी दुसऱ्या दिवशी बोलावून, खोलीत वाद्य वाजवायचं नाही, असं लेखी दिलं. त्यांचंही फारसं चुकलं नाही असं आज वाटतं. दीडशे मुलांची झोप त्यांना सांभाळायची होती. मी पुडीवर टॉवेल घालून वाजवून पाहिलं. गादीवर वाजवलं, मांडीवर वाजवलं, ड्रॉइंग बोर्डाच्या कडेवर वाजवलं. बोलांची मोजदाद त्यात टिकते, पण नाद नाही. तिरकिटमधला 'र' तर्जनीनं शाईच्या मध्यावर पडतो. लय चढली की पहिला बळी त्याचा जातो, आणि तो गेला की नाही हे फक्त कानाला कळतं. लाकडावर तो गेलेला कळतच नाही. दोन महिने लाकडावर वाजवून मी गुरुजींपुढे बसलो तेव्हा त्यांनी चार आवर्तनं ऐकली, माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "तबला कुठंय तुझा?" मी म्हटलं, पलंगाखाली. ते म्हणाले, "हात पण तिथंच राहिलाय."

जागा मिळवून दिली ती आमच्या खात्यातल्या शिपाईमामांनी. सर्व्हे स्टोअर नावाची एक अंधारी खोली होती. थिओडोलाइटच्या पेट्या, डम्पी लेव्हल, तिवया, कोपऱ्यात लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे रेंजिंग रॉड उभे, चेनची भेंडोळी. मामा सकाळी साडेपाचला पाण्याची मोटर लावायला येत. एका पावसाळी सकाळी जिन्याखाली चुंबळ मांडून बसलेला मी त्यांना दिसलो. त्यांनी काही विचारलं नाही. किल्ली लावून दार उघडलं आणि म्हणाले, "साडेसातला बंद करतो. पेट्यांना धक्का नको." पुढची साडेतीन वर्षं मी तिथे वाजवलं. पावसाळ्यात त्या खोलीत ओल धरायची, पुडी उतरायची, सूर लावण्यातच दहा मिनिटं जायची. गठ्ठे ठोकून वाद्य चढवायचं, साठ मिनिटांच्या कॅसेटवर एका मित्राकडून भरून घेतलेला नगमा लावायचा आणि बसायचं. ती किल्ली मिळाली नसती तर मी आज तबल्यावर लिहीतही नसतो, शिकवतही नसतो. माझ्या चिकाटीला जिथे जिथे कुणी श्रेय देतं तिथे मला ती खोली आठवते.

पण खोली मिळाल्यावरही सगळं सुरळीत झालं नाही. दुसऱ्या वर्षी गणिताचा पेपर, ज्याला सगळे एम थ्री म्हणतात, माझा राहिला. त्या सेमिस्टरला गुरुजींनी एक नवा कायदा, म्हणजे तबल्यातली विस्तार करायची रचना, दिला होता आणि तो हातात बसायला लागला होता. हात बसायला लागतो तेव्हाची अवस्था शिकणाऱ्यालाच कळेल. आज नाही, उद्या होईल, या टोकावर महिनाभर राहायचं आणि एका सकाळी ते आपसूक निघायला लागतं. त्या महिन्यात मी वर्गात बसत होतो, पण फूरिए सिरीजकडे माझं लक्ष नव्हतं. एटीकेटीवर पुढे गेलो, उन्हाळ्यात पेपर सोडवला. घरी सांगितलं तेव्हा आई दोन दिवस बोलली नाही. वडील म्हणाले, "बाबा, एक काहीतरी ठरव."

ठरवायचं काय, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचं माझं उत्तर हे : दोन्हीकडे अव्वल राहायचा हट्ट सोडायचा, पण रियाजाचा खंड पडू द्यायचा नाही. सबमिशनच्या आठवड्यात रियाज चाळीस मिनिटांवर येईल, सुट्टीत पाच तासांवर जाईल. अभ्यासाचंही तसंच. कधी हे वर, कधी ते. एका दिवसात दोन्ही सारखं व्हायलाच हवं असं नाही, वर्षात व्हायला हवं असंही नाही. शून्य मात्र व्हायचं नाही. चाळीस मिनिटं ही काही जादूची संख्या नाही, माझ्या हाताला ती लागत असत, दुसऱ्याला पाऊण तास लागेल. ज्याला त्याला आपला तळ ठाऊक असतो. त्या तळाखाली गेलं की वाद्य आपल्याला सोडायला लागतं, आणि ते इतकं हळू सोडतं की कळेपर्यंत वर्ष गेलेलं असतं.

या मार्गाची किंमत असते. एका विषयात आपण मधल्या फळीत राहतो. डिस्टिंक्शन जातं, प्लेसमेंटच्या पहिल्या दिवशीच्या कंपन्या जातात. किंवा उलट, स्पर्धेतलं बक्षीस जातं, आपल्याबरोबरचा पूर्णवेळ शिकणारा मुलगा दोन वर्षांत पुढे निघून जातो आणि मोठ्या गवयाच्या साथीला त्याला बोलावणं येतं. पालकांना मी हे आता पहिल्याच भेटीत सांगतो. एखादे वडील उठून जातात. त्यांनी उठून जाणं मला जास्त प्रामाणिक वाटतं. 'दोन्हीत टॉप कर' असं मुलाला सांगून घरी नेण्यापेक्षा नक्कीच.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतात. पहिला व्यवहाराचा. आधी पदवी घे, नोकरी लागू दे, मग आयुष्यभर वाजव. हा सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो आणि त्यांची भीतीही खरी असते. तबलजीचं उत्पन्न म्हणजे शिकवण्या, कथकच्या वर्गांची साथ, गणेशोत्सव-नवरात्राचे कार्यक्रम, दिवाळी पहाट. २०२० मध्ये मैफली बंद पडल्या तेव्हा मुख्य कलाकारांपेक्षा साथीदारांची घरं आधी अडचणीत आली, हे आम्ही जवळून पाहिलं. त्यामुळे हाताशी दुसरी पदवी असावी या म्हणण्याला मी कधीच हसणार नाही. माझी पदवी मला उपयोगी पडली आहे. पण 'आधी' आणि 'मग' यांत सतरा ते बावीस ही वर्षं कुठे जातात ते पाहा. लहानपणी गुरूनं जे हातात घातलं ते या वर्षांत पक्कं होतं. गाणाऱ्या मुलांचा फुटलेला आवाज याच सुमारास स्थिर होऊ लागतो. कान प्रौढ होतो, दुसऱ्याचं वाजवणं ऐकून त्यातलं काय घ्यायचं हे कळायला लागतं. ही वर्षं मोकळी सोडली की संगीत जागच्या जागी थांबून वाट पाहत राहतं, असं होत नाही. तिशीत परत आलेली माणसं माझ्याकडे येतात. मनापासून शिकतात, मला त्यांच्याबद्दल आदर आहे. त्यांच्यातल्या जवळजवळ प्रत्येकानं कधी ना कधी म्हटलंय, "कॉलेजात सोडायला नको होतं."

दुसरा आक्षेप परंपरानिष्ठ लोकांचा. दोन दगडांवर पाय ठेवून विद्या येत नाही. गुरूच्या घरी राहिल्याशिवाय, चोवीस तास त्याच नादात असल्याशिवाय कलाकार घडत नाही. हा आक्षेप मला पहिल्यापेक्षा जड वाटतो, कारण इतिहास बराचसा त्याच्या बाजूचा आहे. विष्णू दिगंबर पलुस्करांचं उदाहरण आपल्याकडे सगळ्यांना पाठ असतं. कुरुंदवाडला लहानपणी फटाक्यानं डोळे दुखावले, शाळा सुटली, मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे राहून गाणं शिकले. मग १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय. तिथे त्यांनी आपल्यासारखेच, सगळं सोडून राहणारे शिष्य तयार केले. एकाग्रतेचं इतकं मोठं फळ दिसत असताना दोन विद्यांची भाषा कोत्या मनाची वाटू शकते.

पण त्याच काळात दुसरे विष्णू होते, आणि त्यांची विद्यार्थिदशा आपण पुरेशी पाहत नाही. विष्णू नारायण भातखंडे मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होते. १८८५ मध्ये बी.ए., १८८७ मध्ये एलएल.बी. मग काही काळ कराचीत आणि पुढे मुंबईत वकिली. ते गायन उत्तेजक मंडळीत जायला लागले ते १८८४ मध्ये, म्हणजे पदवीच्या आधी. ही मंडळी पारशी गृहस्थांनी १८७० मध्ये काढलेली. तिथे उस्ताद आणि बुवा येत, शिकवत, गाणं होई. रावजीबुवा बेलबागकरांकडून भातखंड्यांना धृपदं मिळाली ती तिथेच. एकीकडे कायद्याची पुस्तकं, दुसरीकडे धृपद. पुढे त्यांनी काय केलं ते सर्वांना ठाऊक आहे : 'हिंदुस्थानी संगीत पद्धती', 'क्रमिक पुस्तकमालिका', १९१६ची बडोद्याची परिषद, १९२६ मध्ये लखनौचं कॉलेज. वकिली त्यांनी सोडली ती एलएल.बी.नंतर कितीतरी वर्षांनी.

भातखंड्यांच्या या चरित्रातून लोक 'हुशार माणूस दोन्ही करू शकतो' एवढं घेतात. मला त्यात मंडळी दिसते. कॉलेजच्या मुलाला संध्याकाळी जाता येईल अशी एक जागा, तिथे शिकवणारा जाणकार, आणि त्याला बसू देणारी माणसं. ती जागा नसती तर भातखंडे कदाचित एक चांगले वकील झाले असते. पुण्यात भास्करबुवा बखल्यांनी १९११ मध्ये भारत गायन समाज काढला, विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्याचं गांधर्व महाविद्यालय काढलं. शाळा-कचेऱ्या सांभाळून येणाऱ्या मुलामाणसांना दोन-दोन, तीन-तीन पिढ्या गाणं मिळालं ते अशा ठिकाणी. आपल्याकडे कारकून, मास्तर, वकील असलेले जाणकार श्रोते आणि बऱ्यापैकी गवई एवढ्या संख्येनं निपजले, ते हवापाण्यानं नव्हे. वसंतराव देशपांडे पुण्यात मिलिटरी अकाउंट्समध्ये वर्षानुवर्षं नोकरी करत होते. 'कट्यार काळजात घुसली' हे त्यांचं गाजलेलं नाटक १९६७ चं, तेव्हा त्यांचं वय सत्तेचाळीस होतं.

माझ्याकडे येणारे पालक दोन नावं हमखास घेतात. प्रभा अत्रे विज्ञानाच्या आणि कायद्याच्या पदवीधर होत्या. अश्विनी भिडे-देशपांडे यांनी भाभा अणुसंशोधन केंद्रात जीवरसायनशास्त्रात पीएच.डी.चं काम केलं. मग आमच्या मुलीला का जमू नये? जमावं, मलाही वाटतं. पण त्या दोघींच्या बुद्धीबरोबर त्यांच्या परिस्थितीकडेही पाहू या. अश्विनीताईंच्या घरातच गाणं होतं, आई माणिक भिडे याच गुरू. तालमीसाठी बस पकडायची नव्हती, रेक्टरची परवानगी काढायची नव्हती. प्रभाताई पुण्याच्या, आणि सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर हे त्यांचे गुरू. घर, कॉलेज आणि गुरू एकाच गावात असले की दिवसाचे किती तास वाचतात! लातूरहून, चिपळूणहून, वसतिगृहात येऊन राहिलेल्या मुलीला आपण ती नावं सांगतो तेव्हा उंची सांगतो, शिडी देत नाही. मुलींच्या बाबतीत तर वसतिगृहाचं दार बंद व्हायची वेळ हा आणखी एक अडसर. मैफल रंगायला लागते तेव्हा तिला उठावं लागतं.

मध्येच एक गोष्ट बोलून टाकतो, कारण ती मला अनेक वर्षं खुपते आहे. गणित आणि तबला ही भावंडं आहेत, एकाचा दुसऱ्याला फायदा होतो, म्हणून मुलाला दोन्ही करू द्या, असं पालकांना पटवण्याची पद्धत पडली आहे. तीनतालाच्या सोळा मात्रा. पाच मात्रांचा तुकडा समेवरून उचलायचा, तीनदा वाजवायचा, मध्ये एकेका मात्रेचा दम. पाच, एक, पाच, एक, पाच : सतरा. शेवटचा 'धा' सतराव्या मात्रेवर, म्हणजे पुढच्या समेवर. ही बेरीज सातवीतला मुलगा करेल आणि इंजिनिअरिंगचा मुलगा अर्ध्या मिनिटात अशा दहा तिहाया कागदावर मांडेल. त्या कागदाचा आणि तबल्याचा संबंध तिथे संपतो. तो एका मात्रेचा दम घाई न करता पोटात धरता यायला, लय सुटू न देता तिसरा 'धा' समेवर टाकता यायला सहा महिने लागतात, आणि त्या सहा महिन्यांत गणित काही मदत करत नाही. मला पदवीच्या अभ्यासातून संगीतासाठी मिळालं असेल तर एवढंच, की कंटाळवाणं काम रोज करण्याची लाज गेली. बीमचे शिअर फोर्स डायग्रॅम शंभरदा काढणं आणि कायद्याचा एकच पलटा शंभरदा वाजवणं यांत मनाची बैठक एकच लागते. पण संगीत इंजिनिअरिंगला उपयोगी पडतं म्हणून शिकू द्यावं, हे समर्थन मला संगीताचा अपमान वाटतं. उपयोग दिसेनासा झाला की मग ते बंदच करायचं का? तणावावर औषध म्हणून तबला वाजव, असं सांगणाऱ्या समुपदेशकांबद्दलही माझं हेच म्हणणं आहे. रियाज चांगला चालला असेल तर तो तणाव देतोच. जे येत नाही त्याच्यासमोर रोज बसायचं, यात आराम कुठला?

आता विद्यापीठांकडे येतो. कागदावर परिस्थिती कधी नव्हती इतकी अनुकूल आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं शाखांमधल्या भिंती पाडायचं ठरवलं. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, को-करिक्युलर असे कप्पे आले आणि त्यांत संगीताला जागा मिळाली. २०२२च्या एप्रिलमध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं तर एकाच वेळी दोन पूर्णवेळ पदव्या घ्यायलाही मुभा दिली. अट एवढीच की तासांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. त्याआधी दहावीला शास्त्रीय कलांचे वाढीव गुण मिळतातच. हे सगळं ज्यांनी घडवून आणलं त्यांचा हेतू मी नाकारत नाही. संगीत हा अभ्यासाचा विषय आहे हे सरकारी कागदावर यायला फार वर्षं गेली.

तरी हिशेब करून पाहा. प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरला तीस तास. दोन क्रेडिटचा तबल्याचा कोर्स म्हणजे साठ तास, पंधरा आठवड्यांत आठवड्याला चार. तेही वर्गात, एका शिक्षकापुढे सगळी तुकडी. ज्याला रोजचा रियाज दोन तासांचा आहे तो सहा महिन्यांत साडेतीनशे तासांच्या पुढे जातो. म्हणजे क्रेडिट मोजतं ते त्याच्या कामाच्या सहाव्या भागालाही पुरत नाही. उरलेले तीनशे तास कुठे वाजवायचे याचं उत्तर त्या रचनेत नाही. शिवाय जे मोजलं जातं त्यासाठीच मुलं काम करतात, हा मनुष्यस्वभाव आहे. दहावीचे वाढीव गुण जमा झाले की तबल्याचा वर्ग सोडणारी कितीतरी मुलं मी पाहिली. त्यांच्यावर मी रागावत नाही, त्यांना जे बक्षीस दाखवलं ते त्यांनी घेतलं. पदवीतही तेच होईल अशी मला धास्ती वाटते. दोन क्रेडिट मिळतील, यमन आणि तीनतालाची व्याख्या लिहून होईल, आणि त्याला आपण संगीतशिक्षण म्हणू.

अमेरिकेत ओबर्लिन कॉलेजमध्ये संगीताची पदवी आणि दुसऱ्या शाखेची पदवी एकदम करता येते, आणि त्याला पाच वर्षं लागतात हे ते आधीच सांगतात. चारात बसणार नाही, एक वर्ष जास्त द्या. त्याच आवारात दीडशेच्या आसपास सरावखोल्या आहेत. तिथलं संगीत वेगळं, फी वेगळी, त्यांची नक्कल मला नको आहे. पण त्या व्यवस्थेनं दोन गोष्टी मान्य केल्या आहेत, ज्या आपली व्यवस्था मान्य करत नाही : अशा विद्यार्थ्याला वेळ जास्त लागतो, आणि त्याला जागा लागते. आपल्याकडे इयर डाउन झालेल्या मुलाकडे ज्या नजरेनं पाहतात ती आठवा. समजून-उमजून, संगीतासाठी पाचवं वर्ष घेणारा मुलगा आपल्या नोंदीत नापासच दिसतो.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रानं १९८७ पासून गुरूकडची तालीम आणि विद्यापीठाची पदवी यांची सांगड घातली आहे. ते काम मोठं आहे. पण ते संगीत, नृत्य, नाटक हाच मुख्य विषय घेणाऱ्यांसाठी. मी बोलतोय तो मुलगा दुसऱ्या टोकाला, तंत्रनिकेतनात नाहीतर कृषी महाविद्यालयात आहे. त्याला विभाग नको, प्राध्यापकाची नवी जागा नको. एवढ्या मोठ्या आवारात पहाटे साडेपाच ते साडेसात रिकामी असलेली एक खोली त्याला हवी आहे. भिंतीला जाड सतरंज्या लावल्या तरी चालतील. खिडकी नसली तरी चालेल. प्रत्येक कॉलेजात अशी खोली असते, कारण पहाटे साडेपाचला सगळ्याच खोल्या रिकाम्या असतात. तिला कुलूप असतं आणि किल्ली देण्याचा अधिकार कुणाला आहे ते कुणालाच माहीत नसतं. युवा महोत्सव जवळ आला की हीच कॉलेजं तालमीसाठी सभागृह रात्री अकरापर्यंत उघडं ठेवतात, करंडक आला की गेटवर फ्लेक्स लावतात. मग महोत्सव संपतो आणि सभागृहाला पुन्हा कुलूप लागतं. वर्षातून तीन आठवडे जे चालतं ते उरलेले महिने का चालू नये?

गेल्या वर्षी माझी एक विद्यार्थिनी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात गेली. घर चारशे किलोमीटरवर, राहणं कॉलेजच्याच वसतिगृहात. ती रियाज कुठे करते हे मी बरेच दिवस विचारलं नव्हतं. तिचा हात टिकून होता, म्हणून विचारायचं सुचलंही नाही. मग एकदा तिच्या डग्ग्याच्या बुडाला साबणाची पांढरी पुटं दिसली. ती कपडे वाळत घालायच्या खोलीत बसत होती, रात्री साडेअकरानंतर, ओल्या चादरींच्या मध्ये. म्हणाली, "चादरी आवाज खातात सर, खाली जात नाही." ओलीनं पुडी रोज उतरते, म्हणून तिनं एक जुना हेअर ड्रायर जवळ ठेवला होता. पुडीला अशी गरम हवा मारणं वाद्याला घातक आहे, शाई तडकते. मी तिला ते सांगितलं. ती म्हणाली, माहीत आहे.

मी तिच्या प्राचार्यांना पत्र लिहिलं. अडीच पानं झाली होती, भातखंडे, गायन उत्तेजक मंडळी, नवं धोरण, सगळं त्यात होतं. ते फाडलं आणि सहा ओळींचं लिहिलं. ही मुलगी अमुक वर्षात शिकते, तबला वाजवते. आपल्या आवारातली वर्गांपासून लांबची एक खोली तिला सकाळी साडेपाच ते सात मिळावी. किल्ली ती वॉचमनकडून सही करून घेईल आणि सही करून परत देईल. सामानाला धक्का लागणार नाही. खाली सही केली आणि सहीखाली, नसती लिहिली तरी चाललं असतं अशी एक ओळ लिहिली, की मीही अशाच एका खोलीत शिकलो.

पत्र जाऊन सात आठवडे झाले आहेत. कार्यालयातून दोनदा विचारणा झाली : ही सोय नक्की कोणत्या उपक्रमाखाली दाखवायची आणि याला किती क्रेडिट आहेत. ती रोज रात्री साडेअकराला वर जाते. चादरी कमी असल्या तर दोन आपल्या खोलीतून नेते.